पाकीट घेण्याआधी मुळं बघा
(रायझोबियम जिवाणू खत घेणाऱ्या शेतकरी ग्राहकांसाठी)

तुरीचा बेवड (आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला कस) चांगला, हरभऱ्याचा बेवड चांगला, हे घरातली जुनी माणसं सांगत आली. त्यामागे मुळांवरच्या गाठींचा मोठा वाटा आहे. हवेत 78 टक्के नत्र (नायट्रोजन) असूनही कोणत्याच पिकाला ते थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणूंना ते जमतं. कोवळी मुळी जमिनीत काही द्रव्यं सोडते, त्या खुणेवर जिवाणू येतात, केसमुळी वाकून त्यांना आत घेते आणि तिथं गाठ धरते. झाड जिवाणूंना साखर पुरवतं, जिवाणू झाडाला नत्र देतात.

पण ही सोयरीक कुणाचीही कुणाशी जुळत नाही. तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, कुळीथ, भुईमूग आणि ताग यांचा एक गट. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. वाटाणा-मसूर एकत्र, मेथी-लसूणघास एकत्र. म्हणून जिवाणू खताच्या पाकिटावर पिकाचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याच्या बियाण्याला चोळलं तर हात काळे होतील, बाकी काही नाही. (शेंगा आल्या म्हणजे गाठी असणारच, असंही नाही. बांधावरचा टाकळा उपटून बघा, एकही गाठ सापडणार नाही.)

आता आमच्या दुकानाच्या धंद्याला न परवडणारी गोष्ट. तूर, मूग, उडीद, मटकी, कुळीथ ही इथलीच पिकं. त्यांना चालणारे जिवाणू आपल्याकडच्या बहुतेक जमिनींत आधीपासून असतात. तुमच्या तुरीला भरपूर गाठी धरत असतील तर आमच्या पाकिटाने फार फरक पडेलच असं नाही. सोयाबीन मात्र मूळचं चीनकडचं. ज्या रानात ते कधीच घेतलं नाही, तिथं त्याचे जिवाणू नसण्याचीच शक्यता जास्त, आणि तिथं पाकिटाचे पैसे वसूल होतात. एकदा रुजलेले जिवाणू पुढे काही वर्षं टिकतात, कडक उन्हाळ्यात त्यांची संख्या घटते.

म्हणून या हंगामातलं पीक बघून पुढच्या वर्षीचं ठरवा. पेरणीनंतर महिनाभराने, वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) असताना चार-पाच ठिकाणची झाडं खुरप्याने मातीसकट काढा. हिसकून उपटली तर गाठी जमिनीतच राहतात. माती पाण्यात हळू सोडवा. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर ती संपली. गाठ बोटाने सहज सुटायला हवी. मूळच सुजल्यासारखं असेल आणि गाठ सुटत नसेल तर तो सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींचा, त्रास समजा. त्यावर हे पाकीट चालत नाही.

गाठीच नाहीत? आधी युरियाचा हिशोब करा. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. रानात पाणी साचलं तरी हवेअभावी गाठी दम धरत नाहीत.

पाकीट घेतलंच तर 250 ग्रॅम भुकटी 10 किलो बियाण्याला पुरते. लिटरभर गरम पाण्यात 125 ग्रॅम गूळ विरघळवा आणि पाणी पूर्ण थंड होऊ द्या, मगच त्यात भुकटी कालवा. कोमट पाण्यात भुकटी टाकण्याची घाई आम्हीही एकदा केली होती, सगळी वाया गेली. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. सोयाबीनचं साल नाजूक असतं, हलक्या हाताने चोळा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पाकीट उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा खतांच्या गोण्यांशेजारी ठेवू नका. आत जीव आहेत. मुदत संपलेलं आमच्याकडून चुकून गेलं असेल तर बदलून न्या. आणि गाठींबद्दल शंका असेल तर झाड ओल्या फडक्यात गुंडाळून दुकानात आणा, फोडून बघू. त्याचे पैसे घेत नाही.