सोनसाहेबांच्या घरी जाण्यापूर्वी

लंडन सहलीत लिंकन्स इन फील्ड्समधल्या १३ नंबरच्या घरासाठी आम्ही चांगला दीड तास ठेवतो. ‘एका घराला एवढा वेळ?’ असं दर खेपेला कुणीतरी विचारतंच, म्हणून हा कागद.

हे घर सर जॉन सोन यांचं, आता ते संग्रहालय आहे. गवंड्याचा मुलगा, पुढे बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुकार. १७९२मध्ये त्यांनी शेजारचं १२ नंबर घेऊन नव्याने बांधलं, मग १३, शेवटी १४. पोर्टलंडच्या दगडाचा दर्शनी भाग शेजाऱ्यांच्या रेषेच्या पुढे आलेला दिसेल. त्यावरून १८१२मध्ये इमारत-निरीक्षकाने कोर्टात खेचलं होतं. सोन जिंकले.

खरी गंमत आत. रांगेतली घरं, दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, खिडक्या पुढे नाहीतर मागे. मधल्या खोल्यांत उजेड आणायचा कुठून? आपल्या वाड्यांना चौक असायचा. लहानसा चौक सोननीही ठेवला, पण मुख्य भिस्त छतावर. न्याहारीच्या खोलीत शिरलात की आधी मान वर करा. घुमट छत्रीसारखा धरलेला आहे आणि त्याच्या कडेपलीकडे, लपलेल्या झरोक्यांतून भिंतींवर ऊन उतरतं. घुमटातल्या फुगीर आरशांत अख्खी खोली वाटीएवढी दिसते. मुलं तिथून हलत नाहीत!

चित्रांच्या खोलीत घाई करू नका. खोली जेमतेम चार मीटरची, चित्रं शंभरावर. भिंतींना बिजागऱ्या आहेत. तिथले कर्मचारी त्या कपाटाच्या दारासारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं निघतात. इंग्लिश चित्रकार होगार्थची आठ चित्रांची मालिका इथेच आहे. तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने किमतीवरून नाकारली, १८२४मध्ये सोननी २,००० पौंडांना घेतली.

घर आहे तसंच ठेवावं, असा कायदा त्यांनी १८३३मध्ये पार्लमेंटकडून करवून घेतला. वारसा इमारतींच्या यादीत आज ते सर्वोच्च, म्हणजे ग्रेड वन दर्जाचं आहे. बदल करायचा तर आतल्या कामालाही परवानगी लागते.

वाटा अरुंद आहेत, मूर्ती हाताशी. मोठ्या बॅगा हॉटेलवरच ठेवा. गुडघे दुखत असतील तर तळघराच्या जिन्याबद्दल आम्हाला आधी सांगा. सोमवार-मंगळवार घर बंद, त्यामुळे आपली फेरी बुधवार ते रविवारमध्येच. प्रवेश मोफत आहे. बिलात त्याचे पैसे दिसणार नाहीत.