आईच्या नावावरची ठेव: कर कुणाला, व्याज कुणाचे?

मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना पैसे दिले तर त्यावर प्राप्तिकर लागत नाही. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही, आणि रकमेला मर्यादाही नाही. आज हे उत्तर एका दमात देता येते. पूर्वी चाळीस वर्षे ते असे नव्हते. शिवाय गोव्यात या उत्तरापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या कुटुंबाला पडतच नाही.

१९५३ साली देशात मृत्युकर, म्हणजे इस्टेट ड्यूटी आली. पण जिवंतपणीच सगळे मुलाबाळांना वाटून टाकले की मरणानंतर कर घ्यायला उरते काय? केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारताच्या करव्यवस्थेवर जो अहवाल दिला, त्यात ही पळवाट बुजवायला देणगीवर कर सुचवला होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणावरून, म्हणजे एलआयसीचे पैसे उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवल्याच्या घोटाळ्यावरून, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला, त्यामुळे त्या वर्षीचा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला. त्यातून देणगीकर कायदा, लोकांच्या बोलण्यातला गिफ्ट टॅक्स, जन्मला.

हा कर देणाऱ्याने भरायचा होता. आईला दिले की अनोळखी माणसाला दिले, याने फारसा फरक पडत नसे. नव्वदच्या दशकात वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत सूट होती आणि त्यावरच्या रकमेला सरसकट ३० टक्के कर. म्हातारीच्या नावावर लाखभर ठेवले तर मुलानेच सरकारला एकवीस हजार मोजायचे, असा तो हिशोब. किती जणांनी तो प्रामाणिकपणे मोजला असेल, हा भाग वेगळा.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि प्राप्तिकर कायदा इथे १ एप्रिल १९६३ पासून लागू झाला. ही तारीख लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे. आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्यांच्या घरांना गिफ्ट टॅक्सची झळ कमी बसली, कारण परदेशातून परकीय चलनात आलेल्या भेटींना त्या कायद्यात सूट होती. पणजीत नोकरी करून वडिलांना पैसे देणाऱ्याला मात्र ती मिळत नव्हती.

मृत्युकर १९८५ मध्ये गेला. ज्याच्या रखवालीसाठी देणगीकर आणला तोच गेल्यावर रखवालदाराला फारसे काम उरले नाही, तरी तो आणखी तेरा वर्षे पगारावर होता. १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या भेटींवरचा कर बंद झाला. पुढची जवळजवळ सहा वर्षे कुणीही कुणालाही कितीही रक्कम ‘भेट’ म्हणून द्यावी अशी मोकळीक होती. काळा पैसा पांढरा करायला याहून सोपा रस्ता कोणता?

म्हणून १ सप्टेंबर २००४ पासून कर परत आला, पण उलट्या दिशेने. आता तो घेणाऱ्यावर बसला, आणि तोही प्राप्तिकराच्या पोटात, ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून. मर्यादा आधी २५,००० रुपये होती, ती २००६ मध्ये वर्षाला ५०,००० झाली. मर्यादा ओलांडली की वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर कर. २००९ पासून जमीन, दागिने, शेअर यांसारख्या वस्तूही यात आल्या. सुटका मुख्यतः कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून आलेल्या भेटींना (शिवाय स्वतःच्या लग्नातल्या आहेरांना आणि वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेला).

या नातेवाइकांच्या यादीत नवराबायको, भावंडे, आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, सासूसासरे, सून, जावई सगळे आहेत. काका, मामा, आत्या, मावशीही आहेत, पण एकतर्फी. मामाने भाच्याला पाच लाख दिले तर कर नाही. त्याच भाच्याने बोटीवरून परतल्यावर, ज्या मामाने वाढवले त्याला एक लाख दिले, तर तो सारा लाख मामाचे उत्पन्न धरला जातो, कारण यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते आणि मामाच्या यादीत भाचा नाही. यामागे कुठलेही तत्त्व मला दिसत नाही. मसुदा लिहिताना पैसा वडीलधाऱ्यांकडून खालीच येतो असे गृहीत धरले असावे.

पैसे दिल्यानंतरच्या व्याजाचे काय? बायकोला किंवा सुनेला पैसे दिले तर त्यावरचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. आईवडिलांबाबत तशी तरतूद कधी केलीच नाही. म्हणून तीस टक्क्यांच्या टप्प्यातला मुलगा आईच्या नावावर एफडी करतो आणि व्याज आईच्या हातात जवळजवळ करमुक्त राहते. हे पूर्ण कायदेशीर आहे. एक पथ्य पाळावे, रोख देऊ नये: २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर घेणाऱ्याला, म्हणजे आईलाच, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

देशभरचे सीए इथे थांबतात. गोव्यात थांबता येत नाही. इथे पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू आहे आणि मुक्तीनंतरही ती राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा निम्मा वाटा. मग या जोडप्यावर कर कसा आकारायचा यावर अनेक वर्षे कोर्टात वाद झाले. शेवटी १९९४ मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम ५ए घातले आणि ते मागे नेऊन १ एप्रिल १९६३ पासूनच लागू धरले. पगार ज्याचा त्याला, बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे.

म्हणजे आईच्या एकटीच्या नावावर ठेव केली तरी वडील हयात असतील तर साधारणपणे निम्मे व्याज त्यांच्या रिटर्नमध्ये जाते. वडिलांना भरपूर भाडे येत असेल तर मुलाने मांडलेला बेत निम्मा तरी फसतो. ‘सहज’ नावाचा सोपा फॉर्मही अशा जोडप्यांना चालत नाही, परिशिष्ट ५ए भरावे लागते. उलट बाजूने पाहिले तर मुलाच्या खात्यातली बचत त्याच्या बायकोचीही असते. सून कायद्याच्या यादीत असल्याने कर वाढत नाही, पण तिला न विचारता तिच्या वाट्यातले पैसे सासूला जातात, आणि त्यावरून घरात वाजते.

खरा हिशोब आईच्या पश्चात होतो. मृत्युकर नाही, त्यामुळे सरकार काही मागत नाही. पण समजा मुलाने वीस लाख ठेवले होते, तर ते आता आईवडिलांचे झालेले असतात. दहा वडिलांचे राहतात, उरलेले दहा सगळ्या मुलांत सारखे वाटले जातात. आईने मृत्युपत्र केले तरी स्वतःच्या वाट्यातला निम्माच भाग तिला मनासारखा देता येतो, बाकीचा वारसांसाठी राखीव. २०१६ मध्ये लागू झालेल्या गोव्याच्या नव्या वारसा कायद्यानेही हे तत्त्व तसेच ठेवले. देणारा धरून दोनच भावंडे असतील आणि मृत्युपत्र नसेल तर पैसे देणाऱ्याच्या हाती त्या वेळी पाच लाख येतात. ज्याला रक्कम परत हवी आहे त्याने ती भेट म्हणून न देता बँकेतून बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावी आणि तसा कागद दोघांच्या सह्यांनी करून ठेवावा.