ग्रीक 'ने' आणि कोरियन 'ने' यांचं नातं नाहीये

ग्रीकमधे 'ने' म्हणजे हो, कोरियनमधेही 'ने' म्हणजे हो, म्हणून या भाषा एकाच मुळातल्या असं वर्षानुवर्षं फिरतंय, पण ते चूक आहे. भाषेत आवाज मोजकेच, मग इतके छोटे शब्द योगायोगाने जुळणारच ना. ग्रीक 'ने' प्राचीन काळी 'नाइ' असा बोलायचे, स्पेलिंग अजून तेच आहे, म्हणजे जितकं मागे जाल तितकं साम्य कमीच होतं! आपल्या 'पिशवी घरी ने' मधला 'ने' तर संस्कृत 'नी' धातूतला. खरं नातं बघायचं तर युरोपातल्या चेक भाषेतला 'ने' घ्या, त्याचा अर्थ 'नाही', आणि संस्कृत 'न', कारण तिथे हा एकच शब्द नाही, दोनलाही तिकडे 'द्वा' आणि इकडे 'द्वि', असे कितीतरी शब्द ठरलेल्या नियमाने जुळतात.