पाओलो कॉन्ते

पाओलो कॉन्ते (जन्म ६ जानेवारी १९३७) हा इटलीचा गीतकार, संगीतकार, गायक आणि पियानोवादक. गाव आस्ती, उत्तरेकडच्या पिएमोन्ते भागातलं. वडील नोटरी, त्यामुळे हाही कायदा शिकून वकिली करायला लागला, पण डोक्यात सगळा जुना अमेरिकन जॅझ. धाकटा भाऊ जॉर्जो, तोही वकील आणि तोही गाणारा!

सुरुवातीला याने दुसऱ्यांसाठीच चाली बांधल्या. १९६८ मध्ये गायक आद्रियानो चेलेंतानोने गायलेलं 'अझ्झुर्रो' याचंच, शब्द मुख्यतः वितो पाल्लाविचिनीचे, आणि ते एवढं गाजलं की इटलीची फुटबॉल मॅच असली की पब्लिक आजही ते बेंबीच्या देठापासून गातं. गंमत म्हणजे गाणं जल्लोषाचं नाहीच मुळी. भर उन्हाळ्यात प्रेयसी समुद्रावर गेलीये, गाण्यातला नायक शहरात एकटा कंटाळलाय, ट्रेन पकडून तिच्याकडे जावं असं येतं मनात, पण मनातली गाडी धावते उलट्या दिशेने. चाल मात्र बँडपथकासारखी ठणठणीत.

स्वतःचा पहिला अल्बम आला थेट १९७४ ला, म्हणजे वयाच्या ३७ व्या वर्षी. अल्बमचं नाव नुसतं 'पाओलो कॉन्ते', आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्याचंही तेच, म्हणजे रेकॉर्ड शोधणाऱ्यांची पंचाईत. आवाज घोगरा, अर्धं बोलल्यासारखं गाणं, मधेच कझू नावाची पिपाणी तोंडात धरून गुणगुणणं. गोड गळ्याच्या इटलीत हा माणूस चालला कसा असं वाटतं, पण त्याची पात्रं बघा म्हणजे कळतं. 'मोकाम्बो' नावाचा बार काढून दिवाळं निघालेला मालक एक-दोन नाही, चार गाण्यांत येतो, आणि त्याच्या मागे दिवाळखोरीचं काम बघणारा अधिकारीही, हे वकिलालाच सुचावं. 'बार्ताली' गाण्यातला माणूस तर रस्त्याच्या कडेला बसून सायकलपटू जीनो बार्तालीची वाट बघतोय, बाईला सिनेमाला जायचं असेल तर तिने खुशाल एकटीने जावं! असल्या लोकांची गाणी रेशमी आवाजात कोण ऐकणार.

१९८१ च्या 'पॅरिस मिलोंगा' अल्बममधलं 'व्हिया कोन मे' हे गाणं खूप वाजलं, पुढे हॉलिवूडच्या 'फ्रेंच किस'मध्येही घेतलं. फ्रान्सने तर त्याला डोक्यावरच घेतलं. २०२३ च्या फेब्रुवारीत, ८६ व्या वर्षी, मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाऊसमध्ये त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा काही शास्त्रीयवाल्यांनी नाकं मुरडली.