‘इतर लाभ’ म्हणजे काय? मोक्कातली टोळी कशी ताणत गेली

‘मोक्का लावला’, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावला, ही बातमी आता मुंबईच्या पानापुरती राहिलेली नाही. कोयते नाचवत दुकानांच्या काचा फोडणारी पुण्यातली पोरं, पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी आणि त्यातून बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये झालेला सरपंचाचा खून, परराज्यांतून येणारे अमली पदार्थ, या सगळ्यांवर एकाच कायद्याचं कलम लागतं. कायदा लिहिला गेला तेव्हा मात्र डोळ्यांसमोर होती ती दुबई-कराचीत बसून मुंबईत फोन फिरवणारी माणसं.

त्याआधीचा इतिहास वाचकांना पाठ आहे. दारूबंदीतून हातभट्टी आली, सोन्यावरच्या निर्बंधांतून तस्करी आली. १९६२ पासूनचे हे निर्बंध १९९० मध्ये उठले आणि तस्करीतली मलई ओसरली. गोठवलेल्या भाड्यांमुळे पागडी आली, पागडीमागून भाडेकरूला ‘समजावून’ खोली खाली करून देणारे दादा आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांची मुलं टोळ्यांत गेली, असं प्रत्येक लेखात येतं. ते अर्धंच खरं आहे. भायखळा, नागपाडा, डोंगरी इथल्या टोळ्या संपाच्या आधीपासून होत्या. संपानंतर त्यांना नुसती पोरं मिळाली नाहीत, जमीनही मिळाली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जागा विकण्याची वाट मोकळी केली. मग कोणती गिरणी कोण विकणार, कोण घेणार आणि युनियन गप्प कोण बसवणार, यात टोळ्यांना काम मिळालं. संपाच्या नेत्याचा जानेवारी १९९७ मध्ये पवईत गोळ्या घालून खून झाला, तेव्हा गिरणगावात कुणाला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

याच सुमारास ‘सुपारी’ हा शब्द पुरता बदलला. तमाशाचा फड किंवा बँड ठरवताना देतात ती सुपारी. नव्वदीत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तिचा एकच अर्थ उरला. फडमालक अजूनही सुपारी घेतात, पण शहरी माणूस ते ऐकून दचकतो.

सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात शिरून गोळीबार झाला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली आणि टोळ्यांची धर्मावरून फाळणी झाली. त्या खटल्यासाठी वापरलेला टाडा हा दहशतवादविरोधी कायदा मे १९९५ मध्ये गैरवापराच्या तक्रारींच्या ओझ्याखाली संपुष्टात आला. पुढची पावणेचार वर्षं पोलिसांकडे साधी कलमं होती, प्रतिबंधक स्थानबद्धता होती, तडीपारी होती आणि चकमक होती. बिल्डर, हॉटेलमालक, सिनेमावाले यांना फोन येत. साक्षीदार कोर्टात उलटत. ऑगस्ट १९९७ मध्ये अंधेरीत मंदिराबाहेर एका संगीत कंपनीच्या मालकाचा खून झाला आणि खंडणी हा व्यापाऱ्यांच्या कुजबुजीतला विषय उरला नाही. चकमकींना तेव्हा मध्यमवर्गाने टाळ्या वाजवल्या, हेही नोंदवायला हवं. न्यायालयाबाहेरच्या त्या न्यायाला पर्याय म्हणून २४ फेब्रुवारी १९९९ ला अध्यादेश आला. त्याचाच पुढे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, म्हणजे मोक्का, झाला.

आरोपपत्राला १८० दिवस, अटकपूर्व जामीन नाही, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य, दूरध्वनी ऐकण्याची मुभा, किमान पाच वर्षं शिक्षा. या तरतुदींवर बरंच लिहिलं गेलं. दूरध्वनीची कलमं मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा वैध ठरवली. पण खरा गुंता व्याख्येत आहे.

कायद्यानुसार टोळी म्हणजे दोन किंवा अधिक माणसं. त्यांचं बेकायदेशीर कृत्य ‘सतत चालू’ असलं पाहिजे, म्हणजे तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. हेतू हवा आर्थिक फायद्याचा, किंवा गैरवाजवी आर्थिक वा ‘इतर लाभाचा’, किंवा बंडाळीला चालना देण्याचा. या एका वाक्यात दोन फटी राहिल्या आणि पुढची पंचवीस वर्षं त्याच रुंदावत गेल्या.

पहिली फट ‘इतर लाभ’. कायद्याच्या उद्देशपत्रिकेत सुपारीचे खून, खंडणी, तस्करी, अपहरण, संरक्षणाचा पैसा असं सगळं पैशाचंच बोलणं आहे. म्हणून ‘इतर लाभ’ही आर्थिक जातीचाच हवा, असं उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटलं होतं. सरळ वाचणाऱ्यालाही तेच पटेल. पण २०११ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या, म्हणजे पूर्णपीठाने ते नाकारलं आणि लाभ पैशाचाच असला पाहिजे असं नाही, असं ठरवलं. त्या दिवसापासून पोलिसांच्या प्रेसनोटमधला ‘वर्चस्वाच्या वादातून’ हा घासून गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग कायद्याच्या कामाचा झाला. दोन गल्ल्यांतली खुन्नस, वाढदिवसाचा फ्लेक्स फाडल्याचा राग, जुन्या खुनाचा बदला यांतही लाभ दाखवता येऊ लागला. हा निर्णय माझ्या मते १९९९ च्या मूळ कायद्याइतकाच मोठा आहे, पण त्याची चर्चा वकिलांच्या खोलीबाहेर फारशी झाली नाही.

दुसरी फट आरोपपत्रांची. ती कुणावर हवीत? अटक झालेल्या प्रत्येकावर, की टोळीतल्या कुणावरही चालतील? मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २००९ मध्ये मोक्का काढला, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो परत लावला, सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये तो प्रथमदर्शनी लागू दिसला नाही आणि २०१६ मध्ये तपास यंत्रणेनेच तो सोडून दिला. तरी तत्त्व असं रुजलं की आरोपपत्रं टोळीची मोजायची, माणसाची नाहीत. कर्नाटकाने २००० मध्ये याच साच्यावर कायदा केला होता. तिथल्या एका पत्रकार संपादिकेच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. मोठ्या म्होरक्याला पकडायला हे लागतंच, कारण तो स्वतः कधी गोळी झाडत नाही. पण नाक्यावर त्याच्या गाडीला टेकून फोटो काढणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्याच जाळ्यात येतो, आणि त्याचा जामीन म्होरक्याइतकाच अवघड असतो.

कबुलीजबाबाचं काय झालं, तेही पाहा. जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी गेले. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे पोलिसांपुढचे कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून सगळ्यांना सोडलं. हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं.

पुण्याचं चित्र वेगळं. तिथे टोळ्या वाढल्या त्या मुळशी-हिंजवडीकडच्या जमिनींच्या भावाबरोबर. शेत विकलं, पैसा आला, गाडी आली, तीन-चार वर्षांत पैसा संपला आणि गाडीभोवतीची पोरं उरली. मोक्का हा त्यांच्यात कलंक राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाची शेकडो गाड्यांची मिरवणूक द्रुतगती मार्गावरून निघाली आणि तिचे व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरले. कोयता हातात घेणाऱ्यांत अल्पवयीनही असतात. त्यांचा मामला बाल न्याय मंडळापुढे जातो, म्हणून मोठे त्यांनाच पुढे करतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारी देशभरासाठी आली. तिथे ‘भौतिक लाभ’ असा शब्द आहे, म्हणजे मोक्कापेक्षा थोडा आवळलेला. पण शेजारच्याच कलमात ‘किरकोळ संघटित गुन्हेगारी’ही आहे. टोळीने केलेली पाकीटमारी, तिकिटांचा काळाबाजार, सट्टा आणि परीक्षेचे पेपर विकणं त्यात बसतं. आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्राने मोक्काच्या व्याख्येत अमली पदार्थांचे गुन्हे स्पष्ट शब्दांत घातले. ‘इतर लाभ’ हे दोन शब्द मात्र जागच्या जागी आहेत.