लोर्नाच्या आवाजामागचा किनारा

गोमंतकाचं संगीत म्हटलं की आपल्याकडे मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही नावं ओळीने येतात आणि तिथेच थांबतात. कोकणी गाण्यांच्या गायिका लोर्ना कोर्दैरो यांचं नाव त्या ओळीत कुणी घेत नाही. मला हे फार खटकतं. याच मातीतून, याच समुद्राच्या वाटेने मुंबईत गेलेला तो आवाज आहे. फरक इतकाच की त्याची तालीम देवळाच्या सभामंडपात झाली नाही.

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी रेडिओवर पणजी केंद्र लख्ख लागायचं. कोकणी गाण्यांच्या वेळी स्वयंपाकघरातून आई म्हणायची, ‘वाढव रे जरा.’ मग ट्रम्पेट दणकायचा आणि पाठोपाठ तो भरदार, किंचित खरखरीत आवाज. शब्द समजायला आम्हाला अडचण नव्हती. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा हे मालवणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या गाण्यात झुलतंय ते जॅझ आहे, हे मात्र पुष्कळ वर्षांनी कळलं.

हे जॅझ गोव्याच्या गळ्यात कुठून आलं, याचं उत्तर चर्चला लागून असलेल्या शाळेत सापडतं. पोर्तुगीज अमदानीत पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, शाळांमध्ये लिहिण्यावाचण्याबरोबर संगीतही शिकवत. मुलं आधी सोल्फा घोकत, म्हणजे स्वरलिपी वाचून तोंडाने म्हणत, आणि नंतर व्हायोलिन हातात घेत. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गायचं, सणाच्या मिरवणुकीत वाजवायचं, घरी मांडो, म्हणजे गोव्याचं संथ प्रेमगीत म्हणायचं. केसरबाईंच्या परंपरेत विद्या कानातून कानात गेली. इथे ती कागदावरून गेली. एकाच तालुक्यात, हाकेच्या अंतरावर या दोन रीती नांदत होत्या, आणि शिस्त दोन्हींकडे सारखीच कडक होती.

कागद वाचता येणं पुढे पोटापाण्याला उपयोगी पडलं. गावात वाजंत्र्यांना काम ते किती असणार? भाऊच्या धक्क्याकडे जाणारी बोट पणजीहून सुटायची, वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी अशी माणसं उचलत जायची. आमच्याकडचा गिरणीत जाणारा चाकरमानी आणि गोव्याकडचा व्हायोलिनची पेटी घेतलेला पोरगा एकाच डेकवर झोपत असणार. मुंबईत एकाची गिरणगावातली खोली, दुसऱ्याची धोबीतलाव-माझगावकडची कूड. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहायची जागा. तिथे देवाची वेदी आणि प्रत्येकाची एक ट्रंक.

1935 साली लिऑन अॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि मुंबईला खरं जॅझ समोरासमोर ऐकायला मिळालं. गोव्याच्या वादकांनी ते भराभर आत्मसात केलं. जॅझमध्ये पुष्कळसं कागदावर नसतंच, ते जागच्या जागी सुचावं लागतं. ठोका किंचित मागे ओढायचा, अपेक्षित जागेच्या आधी किंवा नंतर जोर द्यायचा, वाद्याने गळ्याला उत्तर द्यायचं. ज्याला ठेका आणि लिपी पक्की ठाऊक, त्यालाच ते मोडून वाजवण्याची हिंमत होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने गाजले. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1951 च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्रांच्या चालींना जो झोका आहे, त्यात त्यांचा वाटा आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा हे सगळे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत होते. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी आणि ही माणसं तिचा डोलारा कागदावर उभा करत. हिंदी गाण्याच्या श्रोत्याला यांतली बहुतेक नावं माहीत नाहीत, हे आपलं दुर्दैव.

मडगावच्या बोर्ड्याचे क्रिस पेरी याच पिढीचे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे, चाली बांधणारे आणि वाद्यवृंद मुठीत ठेवणारे. त्यांनी मुंबईतल्या तरुण लोर्नांना हेरलं. लोर्नांचं मूळ बार्देशातल्या साळगावचं. चर्चगेटच्या आसपासचे नाइटक्लब, कलकत्त्याची हॉटेलं, अशा ठिकाणी इंग्रजी गाणी म्हणत हा आवाज तापला. रोज रात्री, सिगारेटच्या धुरात, ग्लासांच्या आवाजावरून गळा पोचवायचा, हे सोपं नसतं. त्यातूनच तो दणका आला असावा असं मला वाटतं.

पेरींची खरी करामत पुढची आहे. क्लबात वाजणारं जॅझ आणि चा-चा-चा हा क्युबाचा नाचाचा ठेका त्यांनी कोकणीत आणलं, आणि तेसुद्धा घरच्या बोलीत, घरच्या माणसांबद्दल. दारू पिऊन येणारा नवरा, पिसाटलेला प्रेमिक, लिस्बनला निघून गेलेला जिवलग. ‘बेबदो’ 1971 साली ध्वनिमुद्रिकेवर आलं. या गाण्यांत लोर्ना ओळ सोडतात आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तिला उत्तर देतात; त्या शब्द ओढून धरतात, ठेका पुढे जातो आणि पुढच्या क्षणी त्याला बरोबर गाठतात. मांडोची हुरहुर आणि जॅझचा झोका एका श्वासात येतो. कोकणीतले नाकातले स्वर या ढंगाला इतके शोभतात की ही गाणी दुसऱ्या भाषेत ऐकवत नाहीत.

मग जोडी फुटली. लोर्ना मंचावरून गेल्या आणि वीसेक वर्षं गप्प राहिल्या. गोव्यात, गल्फमध्ये, आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत गाणी वाजतच होती आणि गाणारी मात्र कुठेच नव्हती. गळा शाबूत असताना इतकी वर्षं न गाणं, याचा विचार केला तरी घशात आवंढा येतो.

1995 साली संगीतकार रॉनी मोन्सेर्रात यांनी त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रणाला उभं केलं. पणजीच्या मिरामारला समुद्राच्या कडेला त्या गायल्या, तेव्हा त्यांना ऐकायला लोटलेल्या गर्दीत, लोर्ना गप्प झाल्यानंतर जन्मलेली पोरंही होती. क्रिस पेरी 2002 च्या जानेवारीत गेले. 2014 साली दोघांच्या आयुष्यावर बेतलेला ‘नाचोम-इया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला, आणि ती गाणी मराठी घरांतही नव्याने शिरली.

परत आलेल्या आवाजात फरक होता. खालचे स्वर जड झाले होते, वरच्यांना थोडी खरड आली होती, आणि पहिलंच म्हणणं होतं, ‘आयकात म्हजो तावो’. माझा आवाज ऐका.