मॅक्बेथ : महत्त्वाकांक्षा, अपराधभाव आणि अद्भुत

विल्यम शेक्सपिअरची पाच अंकी शोकात्मिका. लेखन साधारण 1606 मधले, पहिली छपाई 1623च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत. शेक्सपिअरच्या शोकात्मिकांत ही सर्वांत आखूड. स्कॉटलंडचा सरदार मॅक्बेथ तीन चेटकिणींचे भाकीत ऐकतो, घरी पाहुणा म्हणून आलेल्या डंकन राजाला झोपेत मारून गादी मिळवतो, ती टिकवण्यासाठी खून पाडत जातो आणि शेवटी मॅकडफ या सरदाराच्या हातून मरतो.

नियतीने माणसाला फसवले, अशी या नाटकाची ओळख पुष्कळदा करून दिली जाते. संहिता बारकाईने वाचली तर ती टिकत नाही. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी मॅक्बेथला तीन नावांनी हाका मारतात : ग्लॅमिसचा ठाणेदार (थेन, म्हणजे सरदार), कॉडॉरचा ठाणेदार आणि पुढे होणारा राजा. पहिले पद त्याच्याकडे आहेच, दुसरे राजाने नुकतेच दिलेले आहे आणि तिसऱ्याचा मार्ग त्या सांगतच नाहीत. ‘खून कर’ हे शब्द त्यांच्या तोंडी कुठेही नाहीत. उलट याच प्रवेशाच्या आरंभी, एका खलाशाचा सूड घ्यायला निघालेली चेटकीण आपली मर्यादा स्वतःच सांगते : नऊ गुणिले नऊ आठवडे त्याला झुरवीन, जहाज वादळात भरकटवीन, पण ते बुडवणे माझ्या हाती नाही. प्रयोगात वेळ वाचवायला हा तुकडा सर्रास कापतात. त्याबरोबर चेटकिणींच्या ताकदीचे एकमेव स्पष्ट मोजमाप जाते. भाकीत ऐकल्यावर सोबतचा सरदार बँको सावध होतो आणि मॅक्बेथला त्याच क्षणी खुनाचे चित्र दिसून अंगावर काटा येतो. ऐकलेले एकच, फरक ऐकणाऱ्यांत.

महत्त्वाकांक्षा सर्वांत उघडी पडते ती सातव्या प्रवेशातल्या स्वगतात. डंकनला न मारण्याची कारणे मॅक्बेथ वकिलासारखी मांडतो : मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन आणि आज त्याचा यजमान, शिवाय राजा सज्जन. बाजू लढवायला दुसरीकडे फक्त उडी मारण्याची हाव उरते, आणि तो बेत रद्दही करतो. पुढच्या काही मिनिटांत त्याची बायको लेडी मॅक्बेथ तो फिरवते, तेही नीतीचा मुद्दा न काढता. ती त्याच्या मर्दानगीवर बोट ठेवते, दिलेल्या शब्दाची आठवण देते आणि मग तयार आराखडा समोर ठेवते : राजाच्या दोन्ही पहारेकऱ्यांना दारू पाजून बेशुद्ध करायचे, दोष त्यांच्यावर ढकलायचा. आधी ‘फसलो तर?’ एवढेच विचारणारा मॅक्बेथ आता स्वतःच भर घालतो : त्यांच्याच कट्यारी वापरू, रक्त त्यांना फासू.

आराखडा चोख होता, अंमलबजावणीत माती झाली. मॅक्बेथ कट्यारी राजाच्या खोलीत ठेवण्याऐवजी हातात घेऊनच बाहेर येतो आणि परत जायला ठाम नकार देतो. त्या ठेवायला आणि रक्त फासायला बाईंनाच जावे लागते. सकाळी तो पहारेकऱ्यांना रागाच्या भरात मारल्याचे सांगतो. हे ठरलेल्यात नव्हते. आरोपी जिवंत नाहीत म्हणजे चौकशीही नाही. ‘असे का केलेत?’ हा मॅकडफचा प्रश्न तिथूनच येतो. पुढे बँकोच्या खुनात असेच होते. मारेकरी दोनाचे तीन केले, पण मशाल विझली आणि अंधारात बँकोचा मुलगा फ्लीन्स निसटला. बँकोचे वंशज राजे होतील हे भाकीत खोडण्याचा डाव एका मशालीपायी हुकला.

अपराधभावाची मांडणी हे या नाटकाचे खरे बळ. तो खुनानंतर उगवत नाही. खुनाआधीच हवेत तरंगणाऱ्या कट्यारीच्या रूपाने पुढे येतो. खून करून आलेल्या मॅक्बेथला भीती पकडले जाण्याची नाही. शेजारच्या खोलीत कोणी प्रार्थना म्हटली आणि आपल्या घशातून ‘आमेन’ निघाले नाही, याने तो हादरलेला असतो. त्याच वेळी त्याची बायको म्हणते की थोड्या पाण्याने हे धुऊन निघेल. पुढे दोघांच्या जागा बदलतात. तो खुनाला सरावतो. तिसऱ्या अंकापर्यंत बेत बायकोला सांगेनासा होतो. ती एकटी पडते आणि पाचव्या अंकात झोपेत चालत, न दिसणारा डाग चोळत राहते. हा प्रवेश गद्यात आहे. डंकन, मॅकडफची पत्नी, बँको, दारावरची थाप, सगळे तुकडे क्रम मोडून तिच्या तोंडून बाहेर पडतात आणि वैद्य ते टिपून घेतो. इथे मोठ्याने रडणारी नटी प्रवेश घालवते, कारण झोपलेल्या माणसाला प्रेक्षक असल्याची जाणीव नसते. इंग्रज नटी सेरा सिडन्स यांनी 1785 मध्ये हातातली मेणबत्ती खाली ठेवून दोन्ही हात धुण्याचा अभिनय केला. परंपरा मोडली म्हणून तेव्हा त्याला विरोध झाला होता.

अद्भुताकडे पाहताना एक प्रश्न उपयोगी पडतो : कोणाला काय दिसते? चेटकिणी मॅक्बेथ आणि बँको दोघांनाही दिसतात, म्हणजे त्या मनाबाहेर आहेत. कट्यार फक्त मॅक्बेथला दिसते, प्रेक्षकांनाही नाही. बँकोचे भूत भर मेजवानीत एकट्या मॅक्बेथला दिसते, मात्र फोलिओतली रंगसूचना त्याला प्रत्यक्ष आणून मॅक्बेथच्या खुर्चीत बसवते. हातावरचा डाग तर एकट्या लेडी मॅक्बेथला दिसतो. माळरानावरचे भूतखेत असे हळूहळू डोक्यात शिरते. इंग्रज नट जॉन फिलिप केंबल यांनी 1794 मध्ये भूत काढून रिकाम्या खुर्चीशी बोलणारा मॅक्बेथ दाखवला. हा तोडगा आजही वापरात आहे, पण त्यात प्रेक्षक पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसतो आणि राजा नुसता वेडा ठरतो. भूत आणले, तर वीस घावांनी फुटलेल्या डोक्याची रंगभूषा बँकोच्या मरणापासून चाळीसेक ओळींत उरकावी लागते. म्हणून मरणाचा प्रवेश अंधुक ठेवणे आणि रक्त विंगेत तयार ठेवणे सोयीचे.

दुसऱ्या अंकातल्या दारुड्या द्वारपालाचेही असेच. विनोद नको म्हणून त्याला कापणारे दिग्दर्शक त्याच प्रवेशात पुढे अडचणीत येतात : रक्ताळलेले हात धुऊन, कपडे बदलून मॅक्बेथला परत यायचे असते आणि ती उसंत द्वारपालच देतो. त्याच्या बडबडीत शब्दांचा खेळ करून खोटी शपथ घेणाऱ्याचा उल्लेख आहे. इंग्लंडची पार्लमेंट राजासकट उडवण्याच्या गनपावडर कटानंतर (नोव्हेंबर 1605) फादर हेन्री गार्नेट यांच्यावर 1606 मध्ये चाललेल्या खटल्यात हाच मुद्दा गाजला होता. नाटकालाही तो नीट लागू पडतो, कारण चौथ्या अंकातली भाकिते दुतोंडीच आहेत. एकतीस दिवस विष गाळलेला बेडूक, पालीचा पाय, वटवाघळाची लव वगैरे कढईत उकळून, माकडाच्या रक्ताने थंड करून, चेटकिणी तीन आकृत्या दाखवतात. त्यांतल्या दोघींची भाकिते अशी. बाईच्या पोटी जन्मलेला तुला मारू शकणार नाही. बर्नमचे रान डन्सिनेनच्या टेकडीवर येईपर्यंत तू हरणार नाहीस. दोन्हींचा उलगडा अगदी साधा निघतो : मॅकडफला आईचे पोट फाडून काढले होते, आणि सैनिकांनी संख्या लपवायला फांद्या तोडून पुढे धरल्या. जादू कुठेच नाही. चेटकिणींची देवी हेकटी हिचे प्रवेश मात्र टॉमस मिडलटन या नाटककाराने नंतर घातले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते वगळल्याने काही बिघडत नाही.

इतिहासातला मॅक्बेथ इतका वाईट नव्हता. त्याने 1040 ते 1057 अशी सतरा वर्षे राज्य केले. डंकन झोपेत नव्हे, लढाईत मारला गेला. झोपेतल्या खुनाची आणि चिथावणाऱ्या बायकोची गोष्ट शेक्सपिअरने इंग्रज इतिहासकार हॉलिन्शेडच्या बखरीतून, डफ या दुसऱ्या राजाच्या हकिगतीतून उचलली. त्याच बखरीत बँको कटात सामील आहे. नाटकात तो निर्दोष झाला, कारण गादीवरचा राजा पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. जेम्सने 1597 मध्ये चेटूकविद्येवर ग्रंथही लिहिला होता. नाटकाचे नाव नाट्यगृहात घेतले की अपघात होतो, ही इंग्रजी नटांची समजूत प्रसिद्ध आहे. अंधारातल्या तलवारबाज्या पाहता अपघात व्हायला शापाची गरज नाही.

मराठीत शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ (1898) आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ (1954) ही रूपांतरे केली. ब. व. कारंत यांनी 1979 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी रघुवीर सहाय यांच्या हिंदी अनुवादावरून ‘बर्नम वन’ बसवले, ते कर्नाटकातल्या यक्षगान या लोकनाट्याच्या अंगाने. भारतीय रूपांतरात पहिली अडचण चेटकिणींची येते. त्यांना गावच्या भुताळणी केले की भाकीत आज्ञेसारखे ऐकू येते आणि मॅक्बेथ सुटतो. यक्षगानाच्या शैलीबद्ध चालीत तो धोका कमी राहतो.